बी कुणाच्या खडपावरचे?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पाऊस दाराशी आलेला. सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या मुखाशी, बांबूच्या मांडणीला टांगलेले दोर वर काढायचे होते. नोव्हेंबरात याच दोरांभोवती नखाएवढे शिनाणे मच्छरदाणीच्या सुती कापडात गुंडाळून शिवले होते. कापड काही दिवसांत कुजून गेले, पण तोवर शिनाण्यांनी आपल्या चिवट तंतूंनी दोर पकडला होता. सहा महिन्यांनी त्याच दोराला हात घालायला दोन माणसे लागत होती. हिरव्या कडांच्या शिंपल्यांनी दोर असा लगडला होता, की आतला दोर दिसतच नव्हता. नारळ फुटला, वजन झाले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोनच शब्द महत्त्वाचे होते : प्रयोग यशस्वी.

त्याच सुकतीला मी जवळच्या खडपावर गेलो. तिथे एक काकी कोयतीने कालवे फोडत बसल्या होत्या. पाटीत कालवांचे मांस होते, शिनाणे मात्र चार-दोनच. विचारले तर त्यांनी कोयतीच्या टोकानेच कातळ दाखवला. ‘‘औंदा खडप बोडका दिसता. बारकेच ऱ्हवले नाय, मगे मोठे खंयसून गावतले?’’

दोराला शिवलेले बी याच खडपावरून खरवडून नेले होते. दोराचे वजन कागदावर नोंदले गेले. खडपाचे वजन करायचे असते, हे कुणाच्या डोक्यातच आले नाही.

एखाद्या रानटी शिंपल्याची शेती होऊ शकते का, हे तपासणारे प्रयोग आपल्याकडे आता पुन्हा जोरात आहेत. राज्याच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेत खेकडे आणि जिताड्याबरोबर कालवे-शिंपल्यांचे पालनही आहे, बचतगटांतल्या बायका त्यात उतरल्या आहेत. हेतूबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. शंका आहे ती प्रयोग कोणता प्रश्न विचारतो याबद्दल. सहा महिन्यांच्या प्रयोगातून एवढेच कळते, की हा जीव दोरावर जगतो आणि वाढतो. त्या उत्तराला आपण ‘शेती जमली’ असे म्हणतो, आणि तिथेच फसतो.

जुनेच उत्तर

शिनाणे दोरावर वाढतात हे आपल्याला कळून अर्धे शतक होत आले. गोव्यात दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सय्यद झहूर कासीम आणि सहकाऱ्यांनी तराफ्याला दोर टांगून हिरव्या शिनाण्यांची वाढ मोजली. तो अभ्यास 1977 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातून हेक्टरी शेकडो टनांचे उत्पादन मांडले गेले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विळिंजम आणि कोळिकोड इथे सत्तरच्या दशकातच असे प्रयोग केले होते. आंतरराष्ट्रीय कीर्तीचे शास्त्रज्ञ, सरकारी संस्था, उत्साहवर्धक आकडे, सगळे होते. तरीही कोकणात शिनाण्यांची शेती नावाचा धंदा उभा राहिला नाही.

खुल्या समुद्रातले तराफे पावसाळ्यात टिकत नव्हते, हे एक कारण. पण मूळ अडचण वेगळी होती. ‘वाढतात का?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर त्याच्या पुढचे प्रश्न विचारायची तसदी फारशी कुणी घेतली नाही. दर काही वर्षांनी नवा निधी येतो, नवी खाडी निवडली जाते आणि तोच सोपा प्रश्न पुन्हा विचारला जातो. उत्तर ‘हो’च येणार हे आधीच ठाऊक असलेल्या परीक्षेला परीक्षा म्हणायचे का, हे एकदा ठरवायला हवे.

बियाण्याचा हिशेब

शेती कशाला म्हणायचे हे कोकणातल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. भाताच्या राशीतून पुढच्या वर्षाचे बियाणे आधी बाजूला काढतात, मग उरलेले खातात. ज्याच्याकडे बियाणे नाही त्याच्याकडे शेती नाही. जंगलातली रोपे उपटून आणून आपल्या परसात लावली तर त्याला कुणी रोपवाटिका म्हणत नाही. शिनाण्यांच्या बाबतीत मात्र नेमके हेच करून आपण त्याला शेती म्हणतो.

या जीवाचे आयुष्य पाहिले तर अडचण उघडी पडते. नर आणि मादी आपापले बीज पाण्यात सोडतात. त्यातून होणारे पिल्लू डोळ्यांना न दिसणारे, पाण्याबरोबर वाहणारे असते. दोन-तीन आठवडे ते सूक्ष्म शेवाळ खाते, आकार बदलते आणि मग बसायला कठीण जागा शोधते. लाखांतले थोडेच तिथवर पोचतात, बाकीचे वाटेतच जातात. खडपावर जे बी पावसाळ्यानंतर काळसर-हिरव्या गालिच्यासारखे दिसते, ते या एवढ्या चाळणीतून उरलेले असते.

आता कोकणचा पाऊस त्यात मिळवा. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून-जुलैत खाडीचे पाणी इतके गोडे होते, की दोरावरचे शिनाणे तग धरत नाहीत. म्हणून पीक नोव्हेंबर-डिसेंबरात लावायचे आणि पावसाआधी काढायचे. म्हणजे दोरावरचा शिनाणा पुढची पिढी घडवण्यासाठी तिथे थांबतच नाही. दर हंगामाला कोरे दोर आणि दर हंगामाला नवे बी. हे बी प्रयोगाच्या पहिल्या वर्षी जिथून आले तिथूनच दहाव्या वर्षीही येणार : खडपावरून.

प्रमाण पाहू. एक मीटर दोराला साधारण अर्धा ते पाऊण किलो बी लागते. पाच मीटर लांब-रुंद मांडणीवर असे शंभर दोर टांगले, तर एका मांडणीला पन्नास ते पंचाहत्तर किलो बी. प्रयोगाच्या एका मांडणीला एवढे बी एका खडपावरून एका सुकतीत निघते, कुणाला जाणवतही नाही. शंभर मांडण्या झाल्या की हाच आकडा पाच ते साडेसात टनांवर जातो. तेवढे बी देणारे खडप त्या खाडीच्या आसपास आहेत का, हे प्रयोगाच्या अहवालात कुठेही नसते. लहान प्रयोगाचा हाच धोका असतो. त्याची भूक इतकी लहान असते, की समुद्र अपार आहे असा भास होतो.

केरळने काय दाखवले

हे सगळे कल्पनेतले नाही. कासरगोड जिल्ह्यातल्या पडन्ना भागात नव्वदच्या दशकाच्या मध्यात खाडीतल्या शांत पाण्यात दोरावरची शेती सुरू झाली. खुल्या समुद्रातून खाडीत येण्याचा निर्णय शहाणपणाचा होता, बायकांच्या गटांना कर्ज मिळाले, आणि काही टनांपासून सुरू झालेले उत्पादन पुढच्या दशक-दीड दशकात पंधरा हजार टनांच्या पलीकडे गेले. भारतातली शिंपल्यांच्या शेतीची सर्वांत मोठी यशोगाथा म्हणून ती सांगितली जाते, आणि ते खरेच आहे.

तिचा उत्तरार्ध मात्र क्वचित सांगतात. शेती वाढली तसे बियाण्यासाठी दूरदूरच्या खडपांवर माणसे जाऊ लागली. तिथे पिढ्यान् पिढ्या बुडी मारून मोठे शिनाणे काढणारे लोक होते. आज बी गेले तर उद्या आपल्या हाती काय लागणार, हा त्यांचा प्रश्न साधा आणि रास्त होता. बी काढणारे आणि शिनाणे काढणारे यांच्यात तंटे झाले. पुढे बियाण्याची टंचाई, दोरावरच मोठ्या प्रमाणात होणारी मर आणि भाव यांच्या कात्रीत उत्पादन घसरले. ज्यांनी कर्ज काढून दोर घेतले होते त्यांना त्याची झळ बसली.

या बाबतीत केरळ एकटे नाही. स्पेनच्या गालिसिया प्रांतात विसाव्या शतकाच्या मध्यापासून तराफ्यांवर शिनाण्यांची शेती चालते. आज तिथे तीन हजारांहून अधिक तराफे आहेत. तरीही बी समुद्राकडूनच येते, काही खास टांगलेल्या दोरांवर बसलेले आणि काही खडपांवरून खरवडलेले. त्याच खडपांवर दुसरे सागरी जीव वेचून पोट भरणाऱ्या लोकांशी तराफेवाल्यांचे भांडण जुनेच आहे. न्यूझीलंडचा शिनाण्यांचा उद्योग जगात सर्वांत सफाईदार मानला जातो. तोसुद्धा दशकानुदशके उत्तर टोकाच्या एका लांबलचक किनाऱ्यावर शेवाळाबरोबर वाहून येणाऱ्या बियावर मोठ्या प्रमाणात विसंबून राहिला. तिथे बियाण्यासाठी मोठी उबवण केंद्रे उभी राहायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

उबवण केंद्र हा त्यावरचा खरा उपाय आहे, आणि आपल्या शास्त्रज्ञांना ती विद्या अवगत आहे. पण तिथे पिल्लांसाठी शेवाळाच्या शुद्ध जाती अहोरात्र वाढवाव्या लागतात, पाणी गाळावे लागते, वीज जाऊन चालत नाही. असे बी महाग पडते. खडपावरचे बी फक्त एका सुकतीच्या मजुरीत मिळते. जोवर खडपावरचे बी फुकट आहे, तोवर उबवण केंद्रातले बी कुणी घेणार नाही. आणि कुणी घेत नाही म्हणून केंद्रही उभे राहणार नाही.

शेती झाली म्हणून रान वाचते?

प्रयोगांचे समर्थन करताना एक वाक्य हमखास येते : शेती सुरू झाली की जंगली साठ्यावरचा ताण कमी होईल. ऐकायला हे इतके रास्त वाटते, की त्याचा पुरावा कुणी मागत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या अॅबलोनीची गोष्ट यासाठी समजून घेण्यासारखी आहे. खडकाला चिकटून राहणारी ही मोठी समुद्री गोगलगाय चीन-हाँगकाँगच्या बाजारात सोन्याच्या भावाने जाते. 1980 च्या दशकात तिच्या शेतीचे प्रयोग झाले, नव्वदच्या दशकात व्यावसायिक शेती उभी राहिली. तिथे बीसुद्धा उबवण केंद्रातच तयार होते, म्हणजे ज्या कसोटीवर आपण अडतो ती त्यांनी केव्हाच पार केली. तरी रानातली अॅबलोनी वाचली नाही. 2003 मध्ये हौशी मासेमारी बंद करावी लागली, 2008 मध्ये व्यावसायिक मासेमारीही काही काळ थांबवावी लागली. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेने 2018 साली दिलेला अंदाज असा, की 2000 ते 2016 या काळात चोरून काढलेल्या अॅबलोनींची संख्या 9 कोटी 60 लाखांच्या घरात होती.

शेतीने बाजार तयार केला, चव लावली, वाहतुकीची साखळी बसवली. त्या साखळीत चोरीचा मालही निमूटपणे शिरू शकतो. आपल्या खाडीवर उद्या बर्फाच्या पेट्या घेऊन व्यापाऱ्याचा टेम्पो दोरावरचे शिनाणे न्यायला येऊ लागला, तर त्याच पेट्यांत खडपावरचे शिनाणे, तिसऱ्या, खुबे जाणार नाहीत याची हमी कोण देणार? आज कोकणातले बरेच शिंपले एका गोष्टीमुळे टिकून आहेत : ते काढणाऱ्या बाईच्या पाटीत जेवढे मावतात आणि गावच्या बाजारात जेवढे खपतात, तेवढेच निघतात. ही मर्यादा कायद्याने घातलेली नाही. ती गरजेची मर्यादा आहे, आणि टेम्पो आला की ती एका हंगामात मोडेल.

दुसरी समजूत अशी, की साठा आटलाच तर केंद्रात बी तयार करून समुद्रात सोडू. तुतीकोरिनला मोत्याच्या शिंपल्यांबाबत हे करून झाले. डॉ. के. अलगरस्वामी यांच्या नेतृत्वाखाली 1973 मध्ये भारतात संवर्धित मोती तयार झाला, 1981 मध्ये मोत्याच्या शिंपल्यांचे बी केंद्रात निघाले. विज्ञानाच्या दृष्टीने दोन्ही मोठी कामे. पुढे मन्नारच्या आखातातल्या पारांवर, म्हणजे या शिंपल्यांच्या समुद्रतळावरच्या नैसर्गिक खडकाळ जागांवर, अशी पिल्ले सोडलीही गेली. पण आपल्या बाजूला 1961 नंतर मोत्यांच्या शिंपल्यांची मोठी वेचणी पुन्हा झाली नाही. पिल्लू घडवता येणे आणि समुद्राचा तळ पुन्हा वसवणे यांत फार मोठे अंतर आहे.

पाणी कोणाचे, जागा कोणाची

शिंपला पाणी गाळून खातो. त्यामुळे त्याला खाद्य विकत घालावे लागत नाही, आणि कोळंबीच्या तलावांसारखी घाणही होत नाही, हा या शेतीचा खराखुरा गुण आहे. पण पाण्यातले जे जे असेल ते तो अंगात साठवतो. सप्टेंबर 1997 मध्ये विळिंजमला विषारी शेवाळ साठलेले शिनाणे खाऊन सात माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात गेली. आपल्या खाड्यांत आता गावांचे सांडपाणी येते. प्रयोगाच्या अहवालात लांबी, रुंदी, वजन असते. महिन्या-महिन्याला पाण्याचे आणि मांसाचे काय तपासले, हे शोधावे लागते. सरकारी फलकाखाली वाढलेला शिनाणा लोक विश्वासाने खाणार, म्हणून ही जबाबदारी दुप्पट आहे.

आणि जागेचा प्रश्न. खाडीचा तळ आणि सुकतीचा खडप कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो. म्हणूनच ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही ती तिथे कोयती घेऊन जाऊ शकते. मांडणी उभी राहिली, की त्या पाण्यावर कुणाचा तरी हक्क सुरू होतो. गट नोंदवलेला असतो, फलक लागतो, राखण बसते. खडपावर येणारी बाई गटात असेलच असे नाही. तिच्या नावाचा कागद नाही म्हणून तिचे नुकसानही कुठल्या रकान्यात बसत नाही. शेतीमुळे रोजगार किती निर्माण झाला हे आपण मोजतो. किती जणींचा गेला हे मोजायला सुरुवातही केलेली नाही.

मग प्रयोग कसा असावा?

प्रयोग करूच नयेत असा याचा अर्थ नाही. खाद्य नको, गोड्या पाण्याचा थेंब नको, जमीन नको, बाईला घराजवळ काम, असे व्यवसाय फार थोडे आहेत. तो उभा राहायचा असेल तर प्रयोगाने अवघड प्रश्नापासून सुरुवात केली पाहिजे.

पहिले, खडपावरून बी खरवडायचे नाही ही अट पहिल्याच दिवशी हवी. बी एक तर टांगलेल्या कोऱ्या दोरांवर आपणहून बसलेले असावे किंवा केंद्रातले. तसे बी मिळत नसेल तर या खाडीत ही शेती आज होत नाही, हेच प्रयोगाचे प्रामाणिक उत्तर आहे. दुसरे, जवळचे दोन-तीन खडप ठरवून दर महिन्याला मोजायचे, ज्यांवर काढणी होते तेही आणि ज्यांवर होत नाही तेही. तिसरे, एका चांगल्या वर्षावर निर्णय घ्यायचा नाही. पाऊस लवकर येतो, बी बसत नाही, रोग पडतो, अशी वर्षे आल्याशिवाय कसोटी पूर्ण होत नाही. चौथे, फसलेल्या प्रयोगाचा अहवालही तेवढ्याच ठळकपणे छापायचा. आपल्याकडे फसलेले प्रयोग फाईलीत बुडतात आणि पुढच्या खाडीतले लोक तीच चूक नव्या कर्जाने विकत घेतात.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे, रानातल्या साठ्याचे नियम शेतीच्या आशेवर लांबवायचे नाहीत. केरळच्याच अष्टमुडी कायलात, म्हणजे समुद्राला जोडलेल्या खाऱ्या सरोवरात, तिसऱ्यांची मासेमारी ऐंशीच्या दशकात सुरू झाली. निर्यातीच्या मागणीने नव्वदच्या सुरुवातीला ती वर्षाला दहा हजार टनांपर्यंत गेली, आणि 1993 पर्यंत निम्म्यावर कोसळली. तिथे लोकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून उपाय केला तो अगदी साधा : अंडी घालण्याच्या काळात डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, जाळीच्या आसाचा किमान आकार ठरलेला, बारीक तिसऱ्या निर्यात करायच्या नाहीत. साठा सावरला आणि 2014 मध्ये या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, भारतातले पहिलेच. पुढे परदेशी शिनाण्यांच्या आक्रमणाने तिथे नवे संकट आणले ते वेगळे. पण सुमारे तीन हजार लोकांची रोजी कित्येक वर्षे राखली ती या नियमांनी. त्याला ना तराफे लागले, ना मोठे भांडवल. फक्त ‘थांबा’ म्हणायला लागले.

थांबा म्हटल्याचा फोटो निघत नाही, ही खरी अडचण आहे. लगडलेला दोर वर येताना छान दिसतो. बंदीच्या काळात खडपावर बसलेले नखाएवढे बी छायाचित्रात काळ्या डागांसारखे येते. त्यामुळे निधी दोराला मिळतो, खडपाला मिळत नाही.

त्या मे महिन्यात दोराचे वजन करणारा काटा दुपारपर्यंत तिथेच पडून होता. सुकती सरायला अजून तासभर होता, आणि खडप तिथून शंभर-दीडशे पावलांवर. तो काटा तिथवर नेऊन हातभर कातळावरचे शिनाणे मोजले असते, तर प्रयोग यशस्वी झाला की नाही ते त्याच दिवशी कळले असते. पुढच्या वेळी निदान काकींना तरी विचारावे. गेली तीस-चाळीस वर्षे त्या खडपाचा अहवाल त्यांच्याकडेच आहे.